सपाटीवर मस्त पळणारा सर्फस्केट कलत्या भिंतीवर पाडतोय, बोर्ड बदलू की मीच बदलू?

सातारी_सनीवेलकर

नमस्कार मंडळी, धागा कुठल्या विभागात टाकायचा कळेना म्हणून क्रीडामध्ये टाकतोय, ऍडमिननी हलवला तरी चालेल.

तर वय ४३, वजन ८२ किलो, उंची ५ फूट ८, मूळ सातारा, सध्या मुक्काम कॅलिफोर्नियातला बे एरिया. मुलीला पोहायच्या क्लासला सोडलं की पाऊण तास गाडीत फोन बघत बसायचो, त्यापेक्षा काहीतरी हातपाय हलवू म्हणून मागच्या वर्षी सर्फस्केट घेतला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, दिसायला स्केटबोर्डच असतो पण पुढचा ट्रक, म्हणजे ज्याला पुढची दोन चाकं लावलेली असतात तो धातूचा सांगाडा, तो नेहमीपेक्षा खूप जास्त वळतो, त्यामुळे पाय जमिनीला न लावता नुसतं खांदे आणि कंबर फिरवून वेग घेता येतो. माझ्यात स्प्रिंगवाला झुलता ट्रक आहे, चाकं ७० मिमी, कडकपणा ७८ए (आकडा जितका मोठा तितकं चाक कडक). कंपनीचं नाव घेत नाही कारण दोष माझाही असू शकतो.

पार्किंग लॉटमध्ये आठ महिने इमानेइतबारे घासलाय. आठचे आकडे काढतो, हळूवार चढ पण चढतो, आजूबाजूच्या आज्या थांबून बघतात. डोक्यात हवा गेली आणि गेल्या महिन्यात सांताक्रूझला डर्बी पार्कला गेलो. तिथला स्नेक रन १९७६ चा आहे, म्हणजे माझ्यापेक्षा वयाने मोठा. वरून सुरू होतो, नागमोडी वळणं, दोन्ही बाजूंना काँक्रीटच्या कलत्या भिंती, आणि खाली शेवटी एक बोल, म्हणजे वाटीसारखा काँक्रीटचा खड्डा. यूट्यूबवर बघून वाटलं होतं हे तर आपल्यासाठीच बनवलंय.

पहिल्या भिंतीला लागलो आणि बोर्ड पायाखालून आतल्या बाजूला असा गर्रकन वळला की मी भिंतीवर आणि बोर्ड खाली बोलमध्ये. परत गेलो, परत तेच. पाच वेळा गेलो, पाचही वेळा आतल्या बाजूलाच पडलो, बाहेर एकदाही नाही. मनगट आठवडाभर दुखत होतं.

दुकानातला पोरगा म्हणाला हा बोर्ड भिंतीसाठी नाहीच, नवीन घ्या, अडीचशे-तीनशे डॉलरची गोष्ट आहे. बायको म्हणाली आधी पहिल्या बोर्डाचे पैसे वसूल करा. खरंच बोर्ड बदलावा लागतो का? व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या ट्रकमधलं अंतर), चाकं, ट्रक यातलं भिंतीवर नेमकं काय लागतं? इथे कोणी हे प्रकार करतं का, की मी एकटाच येडा?

---

नुसताच_वाचक

या वयात मनगटं मोडून घेण्यापेक्षा सूर्यनमस्कार घाला की राव. हलके घ्या.

---

लाटेवरची_वरात

एकटे नाही हो, मी पण त्याच डर्बीवर पडून शिकलेली आहे. मूळची मालवणची, सांताक्रूझपासून वीस मिनिटांवर राहते, पन्नाशीला दोन वर्षं कमी आहेत, त्यामुळे वरच्या वाचकांकडे दुर्लक्ष करा.

तुम्ही लिहिलंत ना की पाचही वेळा आतल्या बाजूला पडलो, सगळं तिथेच आहे. सपाटीवर वळायचं तर तुम्हाला स्वतःला आत झुकावं लागतं, आठ महिने तुम्ही तेच अंगात मुरवलंय. भिंतीवर गेलात की ते झुकणं भिंत करते. ती आधीच कललेली आहे आणि तुम्ही तिच्यावर सरळ, म्हणजे तिच्या पृष्ठभागाशी काटकोनात उभे राहिलात की झालं. पण तुम्ही सवयीने वरून आणखी झुकलात, खांदे पण फिरवले, आणि स्प्रिंगवाला ट्रक बिचारा सांगितलेलं ऐकतो, त्याने गर्रकन वळून दाखवलं. बोर्ड आज्ञाधारक आहे, तुम्ही एकच हुकूम दोनदा देताय.

आता बोर्डाबद्दल. ढोबळपणे दोन जाती धरा. एक झुलत्या हाताच्या, स्प्रिंगवाल्या, म्हणजे कार्व्हरचा सी७, YOW कंपनीचा मेराकी, स्मूथस्टारचा थ्रस्टर वगैरे. हे सपाटीवर सर्फिंगच्या सगळ्यात जवळ जातात, आणि कार्व्हरवाल्यांनी १९९० च्या दशकात व्हेनिस बीचला हा प्रकार काढला तोच मुळी लाट नसलेल्या दिवसात रस्त्यावर सर्फिंग करता यावं म्हणून. दुसरी जात म्हणजे कार्व्हरचा सीएक्स टाइप, त्यात झुलता हात नाही, स्प्रिंग नाही, फक्त किंगपिन, म्हणजे ट्रकच्या मधला मोठा बोल्ट, तो उलटा आणि त्यावर बुशिंग, म्हणजे रबरासारख्या चकत्या. वळतो तो पण पुष्कळ, पण वळायच्या आधी थोडा विरोध करतो, आणि उंचीला कमी असतो. भिंतीवर, पंप ट्रॅकवर (उंचवटे, खड्डे आणि कलती वळणं असलेला ट्रॅक), बोलमध्ये मला हा दुसराच आवडतो, कारण तिथे वेगात पुढचा ट्रक गप्प बसलेला हवा असतो. पण सी७ वर बोल मारणारे लोक मी रोज बघते, त्यामुळे चालतच नाही म्हणणारा दुकानदार बोर्ड विकत होता इतकंच.

नवीन घ्यायच्या आधी फुकटातले दोन उपाय करा. मागचा ट्रक घट्ट करा, अर्धा-पाऊण फेरा. सर्फस्केटमध्ये पुढचा वळवतो आणि मागचा धरून ठेवतो, मागचा पण सैल असेल तर दोन्हीकडून साप वळवळतो. आणि पुढचा पाय पुढच्या ट्रकच्या बोल्टांच्या जरा मागे घ्या, बोल्टांवर उभे राहिलात तर नुसत्या अंगठ्याच्या दाबाने पण तो वळतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, मागे रेलू नका. उतार दिसला की माणूस मागे रेलतो, रेलला की पुढची चाकं हलकी, आणि हलकी चाकं कुठे जातील नेम नाही. खांदे उताराला समांतर ठेवा, वजन पुढच्या पायावर. भीती वाटते तेव्हाच पुढे जायचं असतं, सांगायला सोपं आहे, मला दोन महिने लागले.

अवांतर: सांताक्रूझचं पाणी तसं पहिल्यापासून सर्फवाल्यांचं. १८८५ मध्ये हवाईचे तीन राजपुत्र सॅन मटेओला शिकायला आलेले, त्यांनी रेडवूडच्या फळ्या करून सॅन लोरेन्झो नदीच्या मुखाशी लाटा मारल्या, अमेरिकेच्या मुख्य भूमीवरचं ते पहिलं नोंदलेलं सर्फिंग. तेव्हा तुम्ही तीर्थक्षेत्री पडलात, पुण्यच लागेल.

---

भौतिकमास्तर

वरच्या ताईंना अनुमोदन, फक्त आकडे घालतो कारण राहवत नाही. बारावीला बँकिंग ऑफ रोड्स, म्हणजे वळणावर रस्ता आत कलता ठेवणं, सगळ्यांनी घोकलंय, टॅन थीटा बरोबर व्ही वर्ग भागिले आर जी. थीटा म्हणजे कलाचा कोन, व्ही वेग, आर त्रिज्या, जी गुरुत्वाकर्षण. समजा वळणाची त्रिज्या ३ मीटर आणि तुमचा वेग सेकंदाला ४ मीटर, म्हणजे ताशी साधारण १४ किमी. उत्तर येतं २८-२९ अंश. म्हणजे त्या वेगाला २८ अंश कललेल्या भिंतीवर तुम्ही तिच्याशी काटकोनात उभे राहिलात तर वर-खाली कुठेच ओढ जाणवत नाही, चाकांवर बाजूचा जोर शून्य. सपाटीवर तेच वळण त्याच वेगात घ्यायचं तर हे २८ अंश तुम्हाला स्वतःच्या अंगाने झुकावे लागले असते.

आता वेग निम्मा करा, सेकंदाला २ मीटर. कोन येतो जेमतेम ८ अंश. भिंत मात्र २८ चीच आहे, ती काही तुमच्यासाठी खाली बसत नाही. मग तुम्ही खाली घसरू लागता, आणि घाबरून जो काही हातवारा करता त्याने बोर्ड आत वळतो. म्हणून जत्रेतल्या मौत का कुवामध्ये मोटारसायकलवाला आधी खालच्या तिरक्या पट्टीवर वेग घेतो आणि मगच भिंतीवर चढतो. हळू जाणं सुरक्षित हा समज कलत्या भिंतीवर उलटा पडतो.

माझा अंदाज, सनीवेलकर भीतीपोटी हळू जात असणार.

---

सातारी_सनीवेलकर

मास्तर, अगदी बरोबर पकडलंत. मी वरूनच पाय घासत घासत ब्रेक लावत येत होतो. पण वेग घेऊन जायचं म्हणजे पडलो तर जास्त जोरात पडणार ना?

---

झोकेवाली

वेग बाहेरून आणायचा नाही, ट्रॅकमधूनच काढायचा. मी म्युनिकजवळ राहते, आमच्याकडे डांबरी पंप ट्रॅक गावोगावी आहेत, सायकलवाली पोरं आणि मी. तिथे पायाने ढकलायचं नाही हाच खेळ आहे.

कोणाला समजावून सांगताना मी नागपंचमीचा झोका सांगते. उभ्याने झोका चढवताना काय करायचो आपण? वर टोकाला गेलं की गुडघे दुमडून खाली बसायचं, आणि खालून जाताना जोर लावून उभं राहायचं. कोणी शिकवलं नव्हतं, लिंबाच्या फांदीवर आपोआप आलं. ट्रॅकवर तंतोतंत तेच. उंचवट्यावर आलात की गुडघे पोटात घ्या, खड्ड्यातून जाताना पाय ताठ करत बोर्ड जमिनीत दाबा. कलत्या वळणाला पण तसंच, आत शिरताना दुमडलेले असा आणि वळण चालू असताना हळूहळू उभे राहा, त्यातून बाहेर पडताना वेग वाढलेला असतो. सर्फस्केटवाले इथे फसतात कारण त्यांना कंबर फिरवून वेग घ्यायची सवय असते, आणि उंचवट्यावर कंबर फिरवली की बोर्ड आडवा होतो. ट्रॅकवर वेग पायांनी वर-खाली, कंबर फक्त दोन वळणांच्या मधे बाजू बदलताना.

म्हणून माझ्या मते ट्रक कुठला हा दुसरा प्रश्न आहे. पहिले चार दिवस कुठल्याही बोर्डावर एकाच उंचवट्यावर नुसतं उठा-बसा करा, पुढे-मागे, पुढे-मागे. फार बावळट दिसतं. करा तरी.

चाकांबद्दल वरात ताईंनी लिहिलं नाही म्हणून. ७० मिमी ७८ए ही रस्त्यासाठी छान, खडबडीत डांबर, बारीक खडी, सगळं गिळतात. पण गुळगुळीत काँक्रीटवर मऊ चाक चिकटून बसतं आणि उंचवट्यावर दाबलेला जोर स्वतःच खाऊन टाकतं. मी ६५ मिमी ८१ए वापरते, मधला मार्ग. बोलमध्येच राहणारे लोक याहून कडक आणि लहान घेतात. आमचा ट्रॅक डांबरी आहे म्हणून मी अजून कडक गेले नाही, दात वाजतात.

---

पर्थवासी

धागा बघून लॉगिन केलं, दोन वर्षांनी. आमच्या इथून, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या पर्थहून, चारशे किलोमीटरवर ऑल्बनीला असाच स्नेक रन आहे, तो पण १९७६ चाच, अजून चालू. सुट्टीत गेलो होतो. तेव्हा युरेथेनची चाकं नुकतीच तीन-चार वर्षं झाली होती बाजारात येऊन, त्याआधी मातीची आणि लोखंडाची चाकं होती ती अशा भिंतीवर धरलीच नसती. आणि तेव्हाचं स्केटिंग सर्फिंगच्याच वळणाचं, म्हणून त्या काळचे हे रन लाटेसारखे आहेत, हल्लीच्या पार्कासारखे कठडे-पायऱ्या नाहीत. सर्फस्केटसाठी म्हणूनच हे जुने रन बेस्ट.

व्हीलबेसचं कोणी बोललं नाही. ५ फूट ८ ला साधारण १७ इंच घ्या. १५-१६ वाला फार चपळ असतो, सपाटीवर मजा येते पण भिंतीवर पायात पाय. १९ च्या पुढे गेलात तर अरुंद बोलमध्ये वळता वळत नाही. आणि मागे टेल, म्हणजे बोर्डाचं मागचं टोक, वर उचललेली हवी, काही सर्फस्केटना ती नावालाच असते.

---

लाटेवरची_वरात

पर्थवासी, १७ ला माझं हो, पण टेलबद्दल नाही पटलं. स्नेक रनला टेल लागतेच कुठे? ती बोलच्या काठावर गेल्यावर. सनीवेलकर अजून पहिल्या भिंतीवर आहेत, त्यांना काठावर नेऊ नका.

---

हाडवैद्य_नाही_फिजिओ

मनगट आठवडाभर दुखत होतं वाचून थांबले. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या वरच्या बाजूला जो खळगा असतो तिथे दाबल्यावर अजून दुखत असेल तर एक्सरे काढून घ्या, तिथलं स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड तडकलं तर पहिल्या एक्सरेत कधी कधी दिसत पण नाही आणि लोक मुरगळलंय म्हणून हिंडत राहतात. दुखत नसेल तर सोडा.

पडायची पद्धत सपाटीवर आणि भिंतीवर वेगळी आहे. सपाटीवर तुम्ही पळून सुटता. भिंतीवर पळायला जागा नाही, तिथे गुडघ्यांवर बसून घसरत खाली यायचं असतं, म्हणून कडक प्लास्टिकच्या वाटीचे जाड नी-पॅड घ्या, व्हॉलीबॉलचे कापडी नकोत, ते घसरत नाहीत, अडकतात. आधी बोर्ड न घेता नुसतं पळत जाऊन भिंतीवरून गुडघ्यांवर घसरायची दहा-वीस वेळा प्रॅक्टिस करा, लहान मुलांना हे सगळ्यात आवडतं. हात जमिनीकडे जाणं आपोआप कमी होतं. तोवर रिस्ट गार्ड घाला. आणि कॅलिफोर्नियात स्केटपार्कमध्ये हेल्मेट, एल्बो आणि नी-पॅड कायद्यानेच लागतात ना?

---

लाटेवरची_वरात

हो, कायदा आहे. डर्बीवर कोणी विचारत नाही ही गोष्ट वेगळी. सॅन होजेच्या लेक कनिंगहॅमला मात्र पॅड नाही तर आत प्रवेश नाही. तो २००८ ला उघडलेला, ६८ हजार स्क्वेअर फूट, तिथल्या उंच भिंतींकडे सध्या बघू पण नका, कडेचे उथळ भाग बघा.

सनीवेलकर, शनिवारी मी डर्बीला आहे, माझा जुना उलट्या किंगपिनवाला बोर्ड आणते, चालवून बघा आणि मग पैसे घालवा. सकाळी अकराच्या आधी नको, धुक्याने काँक्रीट ओलं असतं, ओल्या भिंतीवर कुठलंही चाक धरत नाही. आणि एक, स्नेक रनमध्ये एकावेळी एकच माणूस, आधीचा बोलमधून बाहेर आला की मग पुढचा. मधे घुसणाऱ्याला स्नेक करणं म्हणतात, शिवी आहे ती. आपल्याकडच्या लोकांना रांगेचं वेगळं सांगावं लागतं म्हणून आधीच सांगितलं.

---

कोथरूडचा_कासव

पुण्यातून विचारतोय. इथे पूर्ण सर्फस्केट मागवायचा तर बोर्डाची किंमत अधिक शिपिंग अधिक कस्टम्स, बोर्ड सोन्याचा पडतो. माझ्याकडे साधा लाँगबोर्ड आहे आणि फळी आणि पुढचा ट्रक यांच्या मधे लावायचा सर्फ ऍडॅप्टर मित्राने अमेरिकेहून आणलाय, वॉटरबोर्नचा. सोसायटीच्या बेसमेंटच्या रॅम्पवर वॉचमन काका जेवायला गेले की करतो. रॅम्पच्या भिंतीवर चढायला गेलो की बोर्डाचं नाक वर आणि मी खाली. ऍडॅप्टरवर भिंत होतच नाही का?

---

झोकेवाली

ऍडॅप्टर मधे आला की पुढची बाजू उंच होते आणि मागची तशीच राहते. मागे तेवढ्याच उंचीचा रायझर, म्हणजे फळी आणि ट्रकमधे घालायची जाड पट्टी, लावलाय का? नसेल तर बोर्ड कायम मागे कललेला आहे, वर लिहिलेला मागे रेलायचा प्रॉब्लेम तुम्हाला फॅक्टरी फिटेड मिळालाय. तो आधी लावा. तरी उंची जास्तच राहते, भिंतीवर उंच बोर्ड म्हणजे स्टुलावर उभं राहून फुगडी. सपाटीसाठी ऍडॅप्टर मस्त आहे, पैसा वसूल.

आणि बेसमेंटला सिमेंटची बारीक धूळ असते, झाडून घ्या आधी.

---

सातारी_सनीवेलकर

मंडळी, तीन आठवड्यांनी येतोय, अपडेट देतो.

एक्सरे काढला, काही नाही. शनिवारी वरात ताईंना भेटलो. सोबत थर्मासमध्ये चहा आणि डब्यात खोबऱ्याच्या वड्या, त्यामुळे निम्मा वेळ तिथेच गेला. त्यांनी मला पहिला अर्धा तास बोर्डच दिला नाही, गुडघ्यांवर घसरायला लावलं. शेजारी सात-आठ वर्षांची दोन पोरं, ती पण माझ्यासोबत घसरायला लागली, त्यांना वाटलं हाच खेळ आहे.

मग त्यांचा बोर्ड. पहिली भिंत पडलो. दुसऱ्यांदा पण पडलो पण या वेळी बाहेरच्या बाजूला, आयुष्यात पहिल्यांदा, आणि ताई टाळ्या वाजवत होत्या. तिसऱ्यांदा पहिली भिंत पार, झोक्याचं डोक्यात ठेवून गुडघे दुमडून आत शिरलो आणि उभा राहत बाहेर आलो, आणि खरंच वेग वाढला हो, कोणीतरी मागून ढकलल्यासारखा. त्या आनंदात दुसऱ्या भिंतीला काय करायचं ते विसरलो.

मग माझाच बोर्ड घेतला, मागचा ट्रक घट्ट केलेला, पाय मागे घेतलेला. त्यावर पण पहिली भिंत झाली! म्हणजे बोर्डाचा दोष निम्माच होता, फार तर. पण फरक जाणवला, माझ्यावर भिंतीवर असताना पुढची चाकं सतत काहीतरी विचारत राहतात, ताईंच्यावर गप्प असतात.

शेवटी पूर्ण बोर्ड नाही घेतला, नुसते उलट्या किंगपिनचे ट्रक घेऊन माझ्याच डेकवर, म्हणजे फळीवर, बसवले, भोकं तीच बसली. आणि तिथे शहाणपणा केला तो सांगतो म्हणजे दुसरं कोणी करणार नाही. नवे ट्रक बुटके, चाकं माझी तीच ७० ची. जोरात वळलो आणि चाक डेकला खालून घासून जागच्या जागी थांबलं, बोर्ड थांबला, मी नाही. नी-पॅडने वाचवलं. डेक उलटा करून बघितला तर काळे चट्टे. आता ६५ मिमीची चाकं मागवलीत, तोवर मधे रायझर घातलाय. घरी गालिच्यावर उभं राहून पूर्ण झुकून चाक टेकतंय का बघायला दोन मिनिटं लागतात, ती मी दिली नव्हती.

सध्याची स्थिती: छातीकडची वळणं होतात, पाठीकडची अजून नाहीत, त्या बाजूला भिंत दिसतच नाही.

---

लाटेवरची_वरात

पाठीकडच्या वळणाला पुढचा खांदा उघडून वळणाच्या शेवटाकडे बघायचं, पायाकडे नाही. शनिवारी दाखवते. वड्या तुमच्याकडून या वेळी.

---

कोथरूडचा_कासव

रायझर लावला मागे, फरक आहे. पण वॉचमन काकांना कळलंय. आता ते म्हणतात मला पण शिकव.

---

नुसताच_वाचक

सनीवेलकर, तो जुना स्प्रिंगवाला ट्रक पडून असेल तर विकणार का? ऑस्टिनला पाठवायचा खर्च मी देतो. पुतण्यासाठी हवाय.

---

सातारी_सनीवेलकर

पुतण्यासाठी. बरं. वजन किती म्हणालात पुतण्याचं?